‘सकाय निरुत्ति’ आणि ‘राघववेळ’

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक उद्बोधक प्रसंग आहे. जन्माने ब्राह्मण असलेले दोन भिक्षू तथागतांकडे तक्रार करतात की, नाना कुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन विद्रूप करतात; सबब ते छंदसात बांधावे. तथागत ही सूचना धिक्कारतात आणि ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वतःच्या भाषेत, ते शिकण्याची अनुज्ञा देतात. बुद्धघोषाचार्यांनी ही भाषा मागधी मानली. आम्हांस मात्र ती शिकणाऱ्याची भाषा वाटते. याच कसोटीवर नामदेव कांबळे यांच्या कार्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९४८ साली शिरपूर (जैन) येथे जन्मलेले कांबळे वाशिमच्या शाळेत प्रथम चौकीदार होते. पुढे शिक्षक झाले. मातंग स्त्रीच्या जीवनसंघर्षावरील त्यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीस १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २०२१ साली साहित्य व शिक्षण या क्षेत्रासाठी त्यांना पद्मश्री मिळाली.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. तेथील वाकाटक नृपती सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात रचले. याच शाखेच्या हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघास दिले. परंतु सर्वसेनाचे प्राकृत दरबाराचे होते. भाषा लोकांची असली म्हणून लेखन लोकांचे होतेच असे नाही. बोलणारा कोण, यावर ते ठरते. ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहावयाचे अशी रीत होती, त्यांच्यातीलच एक शिक्षक येथे लेखणी धरतो, हे ‘राघववेळ’चे खरे मोल होय.

तथापि एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. आम्हांस धर्म तरी कोणता, असा थेट प्रश्न त्या मुलीने विचारला होता. ‘राघववेळ’मध्ये सोसण्याचे चित्रण जितके समर्थ आहे, तितका हा प्रश्न धारदार होत नाही, असे आमचे मत आहे.

परंतु या उणिवेआड आपण आपली उदासीनता लपवू नये. १९५६ च्या धम्मदीक्षेत मातंग समाजाचा मोठा भाग आला नाही. म्हणून त्यांचे साहित्य ‘त्यांचे’ ठरवून आपण बाजूस ठेवतो काय? चुल्लवग्गातील अनुज्ञा कोणा एका कुळापुरती नव्हती. विहारातील अभ्यासवर्गांत ‘राघववेळ’ वाचली जावी, तिच्याशी वाद घातला जावा, आणि वाचणाऱ्या मुलामुलींकडून त्यांच्या घरच्या बोलीत चार पाने लिहवून घ्यावीत. एका शिक्षकाच्या आयुष्यभराच्या श्रमाचा सन्मान शाल-श्रीफळाहून अशा पानांनीच अधिक होईल, असे आम्ही मानतो.