लाखीशची शिल्पे : विजेत्याची साक्ष

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये संपूर्ण दिवस घालवूनही आमचे मन रेंगाळले ते निनवेच्या राजवाड्यातून आणलेल्या लाखीशच्या शिल्पपटांपाशी. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदातील हे नगर जिंकले. त्या विजयाचा हा दरबारी गौरव. तटाला भिडलेली वेढायंत्रे, सुळावर चढविलेले बंदी, सिंहासनस्थ राजा : सारी योजना दरारा बसविण्याची. परंतु कलावंताचा हात राजाज्ञेपलीकडे गेला आहे. बैलगाडीवर गाठोडी लादून निघालेली कुटुंबे त्याने अशा बारकाईने कोरली आहेत, की पाहणाऱ्याची नजर राजावरून ढळते.

याच संग्रहालयातील सन्हेरीबाच्या मृत्तिकालेखात हिज्कीयाची खंडणी ३० किक्कार सोने व ८०० किक्कार चांदी आहे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात सोने तेवढेच, चांदी मात्र ३००. यरुशलेम जिंकल्याचे विजेताही लिहीत नाही. एवढा मेळ पाहून श्रद्धावंत समाधान पावेल. पण शिल्पांकडे केवळ पुरावा म्हणून पाहिल्यास त्यांचे निम्मे मोल हरवते. लेखात बंदिवान म्हणजे २,००,१५० हा निव्वळ आकडा. दगडात मात्र त्यांना चेहरे आहेत. या शिल्पांची थोरवी आम्हांस तेथेच दिसते.