सूर सर्वदूर, बोली दुर्मीळ

आयर्लंडच्या पारंपरिक संगीतावर विसाव्या शतकात सर्वांत खोल ठसा उमटवला तो मायकेल कोलमन या फिडल (म्हणजे व्हायोलिन) वादकाने, आणि तोही आयर्लंडबाहेर राहून. स्लायगो काउंटीतल्या किलाव्हिल भागात 1891 साली जन्मलेला कोलमन 1914 मध्ये अमेरिकेला गेला. 1921 ते 1936 या काळात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या 78 आरपीएमच्या तबकड्या निघत राहिल्या. नातेवाइकांनी पाठवलेल्या सामानातून त्या मायदेशी पोचल्या, आणि क्लेअर, गॉलवे, केरीमधला तरुण वादक गावातल्या म्हाताऱ्याला सोडून या कधी न पाहिलेल्या माणसाची नक्कल करू लागला. कोलमनचे वादन होतेच तसे: स्वच्छ, उसळते, प्रत्येक आवर्तनात काहीतरी नवे सांगणारे. पण त्याच्या तेजापुढे कितीतरी स्थानिक शैली संकोचून गप्प बसल्या, हेही खरे.

म्हणून या कलेचा आजचा हिशेब मांडताना मायदेशातले संगीत अस्सल आणि परदेशातले उसने अशी वाटणी करता येत नाही. फ्रान्सिस ओनीलचेच पाहा. कॉर्क काउंटीतल्या ट्रॅलिबेन गावचा हा माणूस जहाजांवर खलाशी म्हणून जग हिंडला आणि अखेरीस शिकागोचा पोलीस प्रमुख झाला. त्या शहरात येऊन पडलेल्या आयरिश स्थलांतरितांकडून त्याने धुना गोळा केल्या. 1903 साली त्याने 1,850 धुनांचा संग्रह छापला, 1907 साली नृत्याच्या 1,001 धुनांचा. मायदेशातले वादक आजही एखाद्या धुनेबद्दल वाद पडला की ओनीलचे पुस्तक उघडतात. पर्यटकांना पुरातन वाटणारी पबमधली सेशन, म्हणजे टेबलाभोवती बसून एकत्र वाजवण्याची बैठक, तीही मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या आयरिश पबमध्ये आकाराला आली. बांधकामावर राबून आलेल्या माणसांना भाड्याच्या खोलीत वाजवायला जागा नव्हती, ती पबने दिली. पुढे ही पद्धत आयर्लंडला परतली.

या संगीताचा सांगाडा साधा आहे. बहुतेक धुनांचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारचा, प्रत्येक भाग दोनदा. रील चार मात्रांच्या चालीत, जिग सहाच्या, स्लिप जिग नऊच्या. अशा दोन-तीन धुना एकामागून एक ओवायच्या की एक सेट झाला. सारे लक्ष एकाच सुरावटीवर असते. संगत देणारी गिटार आणि बुझुकी ही अलीकडची पाहुणी मंडळी. मग वादकाचे कसब कुठे दिसते? कट, रोल, क्रॅन अशा बोटांच्या बारीक अलंकारांत, फिडलवर गज फिरवण्याच्या वळणात, ओळ कुठे तोडली आणि कुठे श्वास घेतला यात. नेमके हेच कागदावर उतरत नाही, समोर बसून ऐकावे लागते. म्हणूनच या परंपरेत शिकवणारा माणूस रंगमंचावरच्या माणसापेक्षा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे.

शिकवणारा कसा असतो याचा सर्वांत सुंदर नमुना पाड्रिग ओकीफ. कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या श्लीव लूखरा या डोंगराळ भागात शाळामास्तराची नोकरी गमावलेला हा फिडलवादक घरोघर पायी जाऊन शिकवायचा. स्वरलिपी न येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्याने स्वतःची खूणलिपी केली होती. पाच रेघांमधल्या चार मोकळ्या जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्यांत लिहिलेले आकडे म्हणजे बोटे. विद्यार्थ्यासाठी लिहिलेली ती चिठोरी लोकांनी जपून ठेवली. डेनिस मर्फी आणि त्याची बहीण ज्युलिया क्लिफर्ड हे त्याचेच शिष्य. 1963 मध्ये ओकीफ वारला. त्याच्या पोलका आणि स्लाइड या प्रकारच्या धुना आज जगभर वाजतात, पण एका मुलामागे वर्षानुवर्षे त्याच उंबऱ्यावर जाणारा मास्तर आता कुठे आहे?

तो का नाहीसा झाला, याची कारणे ठाऊक आहेत. एक म्हणजे सतत चाललेले स्थलांतर. दुसरे 1935 चा सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा. नाचाच्या कार्यक्रमाला परवाना लागू लागला, आणि धर्मगुरू व पोलीस यांनी कायद्याचा आधार घेत घराघरांतले नाचही बंद पाडले. क्लेअरचा फिडलवादक ज्युनिअर क्रेहन याला या कायद्याचा सल आयुष्यभर होता. स्वयंपाकघरातला नाच गेला तशी वादकाची रोजची गरजही गेली. विली क्लॅन्सीसारखा अव्वल पाइपवादक 1950 च्या दशकात लंडनमध्ये सुतारकाम करत होता.

वळण आणले ते संस्थांनी. 1951 मध्ये मल्लिंगारला कोल्टस क्योलतोरी एरन ही संघटना उभी राहिली आणि तिने फ्ला ख्योल हा स्पर्धा-महोत्सव सुरू केला. इलन पाइप्स, म्हणजे कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायचे अवघड वाद्य, मरायला टेकले होते. 1968 मध्ये त्याच्या वादकांनी ना पीबरी इलन ही संस्था काढली तेव्हा असे वादक शंभरही उरले नव्हते. त्या संस्थेने वादक घडवलेच, शिवाय वाद्य बनवणारे कारागीरही घडवायला घेतले, आणि हे दुसरे काम मला पहिल्याइतकेच मोलाचे वाटते. 2017 मध्ये युनेस्कोने इलन पाइपवादनाला आपल्या वारसा-यादीत घेतले. मात्र वाद्य वाचवले ते वादकांनी आणि कारागिरांनी, पन्नास वर्षे आधी कामाला लागून.

फ्लाबद्दल माझ्या मनात दोन मते आहेत. काउंटी, प्रांत आणि मग अखिल आयर्लंड अशा पायऱ्यांवरून हजारो मुले दरवर्षी चढतात. ब्रिटन आणि अमेरिकेतली मुले आपापल्या विभागांतून जिंकून येतात. या स्पर्धेने वाद्य हातात घेणाऱ्यांची संख्या वाढवली, यात शंका नाही. पण परीक्षकासमोर दोन-तीन धुनांत सगळे दाखवायचे म्हटले की मुले जे सहज मोजता येते तेच शिकतात: वेग, स्वच्छता, अलंकारांची गर्दी. थांबायचे कुठे, हे मोजता येत नाही. त्यामुळे बेलफास्टचा, बोस्टनचा आणि लिव्हरपूलचा पंधरा वर्षांचा फिडलवादक डोळे मिटून ऐकला तर ओळखू येत नाही. कोलमनच्या तबकड्यांनी सुरू केलेले काम स्पर्धेने पुढे नेले, आणि आता फोनवरच्या छोट्या चित्रफिती ते वेगाने नेत आहेत.

याउलट मिलटाउन मॅलबे. जानेवारी 1973 मध्ये विली क्लॅन्सी वारला, आणि त्याच वर्षी मित्रांनी त्याच्या नावाने या क्लेअरमधल्या छोट्या गावात उन्हाळी शाळा भरवली. तेव्हापासून जुलैच्या सुरुवातीला आठवडाभर हे गावच वर्ग बनते. सकाळी शाळांच्या खोल्यांत आणि लोकांच्या घरांत शिकवणी, दुपारी व्याख्याने, रात्री नाच आणि सेशन. स्पर्धा नाही, पदक नाही. जगभर गाजलेला वादक आणि गाव कधी न सोडलेला म्हातारा, दोघेही गुरुजी. विद्यार्थी जपानहून, जर्मनीहून, अमेरिकेहून येतात. परदेशातून आलेला एखादा शिकाऊ वादक संध्याकाळी आपल्याच शिक्षकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो, आणि सकाळी जे सांगून कळले नव्हते ते तेव्हा कळते. नंतर निघालेल्या कितीतरी उन्हाळी शाळांनी हाच साचा उचलला. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या संगीताला लाभलेली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे, रिव्हरडान्स या गाजलेल्या नृत्यप्रयोगापेक्षाही.

रिव्हरडान्सने 1994 च्या युरोव्हिजन स्पर्धेतल्या काही मिनिटांत आणि 1995 पासून रंगमंचावर केलेला पराक्रम नाकारण्याचे कारण नाही. नाचणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना त्याने पगार दिला, तरुणांचा न्यूनगंड घालवला. पण त्याचे संगीत एका संगीतकाराने लिहिलेले, ठरलेले, रोज तसेच वाजणारे होते, आणि परंपरेचा जीव तर न ठरलेल्या गोष्टीत आहे. याच सुमारास पियानोवादक मीहॉल ओ सूलावॉन यांच्या दूरचित्रवाणी मालिकेवरून प्रयोगवादी आणि परंपरावादी यांच्यात मोठा खटका उडाला. अकॉर्डियनवादक टोनी मॅकमॅहन यांनी बाजाराच्या मागे धावणाऱ्या वादनावर कठोर टीका केली. ती तेव्हा अनेकांना हटवादी वाटली. आज ती पुन्हा वाचणाऱ्याला मॅकमॅहन यांचे दुःख बरोबर होते असेच वाटेल, जरी त्यांचा उपाय पुरेसा नसला तरी. ओ सूलावॉन यांनी लिमरिक विद्यापीठात उभी केलेली संगीत-नृत्य अकादमीही नाकारून चालणार नाही. तिथे आज पारंपरिक वादक पदवी घेतात, आणि शिकवताना परंपरेबद्दल बोलायचे कसे हेही शिकतात.

परदेशातल्या शिक्षकांकडे मात्र टीकाकारांनी पुरेसे पाहिलेले नाही. लिमरिक काउंटीतून ब्रॉन्क्सला गेलेल्या मार्टिन मल्विहिलने तिथे मुलांची एक पिढी घडवली. रिव्हरडान्समधून नाव झालेली आयलीन आयव्हर्स ही त्याचीच विद्यार्थिनी. कॉनेमाराच्या कार्ना गावचा जो हीनी हा शॉन नोस, म्हणजे साथीविना गाण्याच्या जुन्या पद्धतीचा, मोठा गायक. न्यूयॉर्कमध्ये तो एका इमारतीचा द्वारपाल होता, आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षक झाला. आपल्या देशाने न दिलेला मान त्याला तिथल्या विद्यार्थ्यांनी दिला. 1982 मध्ये अमेरिकेने आपले राष्ट्रीय लोककला-सन्मान सुरू केले, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत तो होता. पुढे बँजोवादक मिक मोलोनी, शिकागोत जन्मलेली फिडलवादक लिझ कॅरोल, चेरिश द लेडीज या स्त्री-वादकांच्या संचाची जोनी मॅडन यांनाही तो मिळाला. लिझ कॅरोलने रचलेल्या धुना आज आयर्लंडच्या सेशनमध्ये जुन्या धुनांसारख्या वाजतात.

स्त्री-वादकांचा विषय निघालाच आहे तर थांबून सांगायला हवे. वर्गांत मुली कमी नाहीत, स्पर्धांतही नाहीत. पण महोत्सवांच्या जाहिरातींत आणि गाजलेल्या संचांत त्या एकदम विरळ होतात. 2018 मध्ये फेअरप्ले या चळवळीने हा प्रश्न उघडपणे मांडला, आणि रात्रीच्या सेशनमधल्या गैरवर्तनाबद्दलही स्त्रिया पुढे बोलू लागल्या. जी बैठक सर्वांना खुली म्हणून मिरवते, तिथे अर्ध्या वादकांना सुरक्षित वाटत नसेल, तर तो कलेचाच दोष मानला पाहिजे.

आता पैशाचे बघू. नावाजलेला पारंपरिक वादकही निव्वळ मैफलींवर जगतो असे क्वचितच आढळते. दौरे करायचे, उन्हाळ्यात आठवड्याच्या शाळांत शिकवायचे, हिवाळ्यात ऑनलाइन धडे द्यायचे, अशी त्याची वर्षाची घडी असते. 2024 मध्ये अमेरिकेने परदेशी कलाकारांच्या व्हिसा-अर्जाचे शुल्क वाढवले, तेव्हा छोट्या संचांचे गणित आणखी बिघडले. मायदेशात घरभाडी अशी चढली आहेत की डब्लिनमध्ये तरुण वादकाने राहायचे कसे, हाच प्रश्न आहे. 2021 मध्ये तिथल्या स्मिथफील्ड भागातल्या कॉबलस्टोन या पबवर हॉटेल बांधण्याचा प्रस्ताव आला. लोक वाद्ये घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. कॉबलस्टोन वाचला, पण प्रत्येक खोलीसाठी मोर्चा काढता येणार नाही. 2022 मध्ये आयर्लंड सरकारने 2,000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो देण्याचा प्रयोग सुरू केला. हे मला कुठल्याही महोत्सवाच्या अनुदानापेक्षा शहाणपणाचे वाटते, कारण त्यातून शिक्षकाला वेळ मिळतो.

शैलींचे सपाटीकरण अटळ आहे का? मार्टिन हेज याचे उत्तर ‘नाही’ असे देतो. पूर्व क्लेअरच्या या फिडलवादकाचे वडील पी. जो हेज टुला केली बँडचे प्रमुख होते. मार्टिन शिकागोला गेला, तिथे गिटारवादक डेनिस कॅहिल याच्यासोबत आधी विजेच्या वाद्यांचा संच काढला, आणि मग दोघेही उलट दिशेने वळले. त्यांनी धून संथ केली, अलंकार कमी केले, वडिलांच्या गावची करुण छटा पुढे आणली. हा माणूस इतका आपल्या गावचा वाटतो, आणि त्याची वाट सापडली ती गावाबाहेर. कॅहिल 2022 मध्ये गेला. त्या दोघांच्या वादनाने सिद्ध केले की जगभरच्या श्रोत्यांना फक्त वेगच हवा असतो, ही आयोजकांची समजूत खोटी आहे. लंकमसारखे आजचे डब्लिनचे संच जुन्या गाण्यांखाली गडद, लांब घोष भरतात. तेही मला याच धैर्याचे वाटतात, जरी त्यांचे सगळेच मला रुचत नाही.

वादक आहेत, वर्ग आहेत, श्रोते आहेत. हे संगीत मरत नाही. उणीव आहे ती दीर्घ सहवासाची. आठवड्याच्या शाळेत दहा धुना मिळतात, ऑनलाइन शंभर मिळतात. एकाच वादकाकडे, त्याच्या गावात, वर्षभर राहून शिकता येईल अशी सोय मात्र फार थोड्यांना मिळते. उत्सवांवरचा थोडा पैसा काढून श्लीव लूखरा, डॉनिगॉल, पूर्व क्लेअर अशा भागांतल्या शिक्षकांना आणि त्यांच्याकडे राहणाऱ्या शिष्यांना द्यावा. परदेशातल्या संघटनांनीही स्पर्धेची बक्षिसे कमी करून अशा मुक्कामाचा खर्च उचलावा.

वाचकांना हे संगीत नवे असेल तर सेल्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गुळगुळीत संकलनांपासून सुरुवात करू नका. आधी कोलमनची कुठलीही जुनी तबकडी ऐका. मग डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड यांची ‘द स्टार अबव्ह द गार्टर’. मग टोनी मॅकमॅहन आणि नोएल हिल यांनी 1985 मध्ये नॉकनाग्रीच्या पबमध्ये, नाचणाऱ्यांच्या पावलांच्या आवाजासह केलेले ध्वनिमुद्रण. आणि शेवटी हेज-कॅहिल यांची सिअ‍ॅटलची मैफल, तिच्यातला सुमारे 28 मिनिटांचा अखंड सेट, मध्ये न थांबता.