शंभर टक्के पकडले; पण वाचले कोणी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात तो हिशेब पाहतो, खरेदी पाहतो आणि दुसरे कोणी नाही म्हणून संगणकही पाहतो. हातात तीन कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रके होती. "सर, ज्यांना आम्ही माल देतो त्यांनी विचारलंय, तुमच्याकडे एक्सडीआर आहे का? आता हे घ्यावंच लागणार. पण तिघांच्याही कागदावर शंभर टक्के छापलंय. यातलं कोणतं घेऊ?"

तिन्ही विद्यार्थ्यांना शंभरपैकी शंभर मिळाले, तर कोणताही अनुभवी शिक्षक आधी प्रश्नपत्रिका मागवून पाहील. आम्हीही तेच केले. या लेखात त्या प्रश्नपत्रिकेचे परीक्षण आहे. ते करताना आठवी-नववीच्या संभाव्यतेपलीकडचे गणित लागले नाही, म्हणून ते शिक्षक मित्रांपुढे ठेवावेसे वाटते.

आधी हे सॉफ्टवेअर करते काय, ते पाहू. दहावीच्या परीक्षेचे केंद्र डोळ्यांपुढे आणा. फाटकावरच्या शिपायाकडे काही संशयित माणसांचे फोटो आहेत. फोटोशी चेहरा जुळला की तो अडवतो. जुने विषाणुरोधक सॉफ्टवेअर असे काम करी. नवा चेहरा आला की शिपाई हतबल. म्हणून प्रत्येक वर्गात एक पर्यवेक्षक बसवला आणि कोण कधी उठले, कोणी कोणाकडे पाहिले, याची नोंद ठेवायला सांगितले. संगणकाच्या बाबतीत याला ईडीआर म्हणतात. आता समजा, एका वर्गातला मुलगा दोनदा बाहेर गेला, मागच्या कुंपणाशी एक अनोळखी माणूस दिसला आणि कार्यालयात एक प्रश्नपत्रिका कमी भरली. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वह्यांत आहेत आणि सुट्या पाहिल्या तर क्षुल्लक आहेत. पण केंद्रप्रमुखाने तिन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या, की त्याला चित्र दिसते. ईमेल, संगणक, नेटवर्क, दूरच्या सर्व्हरवरचा साठा या सगळ्यांच्या वह्या एकत्र वाचणारा केंद्रप्रमुख म्हणजे एक्सडीआर. हे नाव पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या नीर झुक यांनी २०१८ मध्ये रूढ केले. आज मायक्रोसॉफ्ट, क्राउडस्ट्राइक, ट्रेंड मायक्रो यांच्यापासून पुण्याच्या क्विक हीलच्या 'सेक्राइट'पर्यंत अनेकांची अशी उत्पादने आहेत.

कल्पना चांगली आहे, याबद्दल माझा वाद नाही. वाद तुलनेच्या रीतीबद्दल आहे.

माहितीपत्रकांवरचे शंभर टक्के बहुधा मायटर या अमेरिकन ना-नफा संस्थेच्या चाचणीतून येतात. हल्लेखोर कोणकोणत्या युक्त्या वापरतात याचे एक मोठे कोष्टक या संस्थेने तयार केले आहे आणि ते सर्वांना मोफत खुले आहे. ते काम उत्तम आहे. २०१८ पासून ही संस्था त्या युक्त्या पायरीपायरीने करून दाखवते आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला कोणती पायरी दिसली, ते प्रसिद्ध करते. संस्था स्वतः कोणालाही क्रमांक देत नाही. क्रमांक लावतात ते कंपन्यांचे जाहिरात विभाग, त्यामुळे एकाच फेरीत पाच-सहा जण पहिले येतात.

पण प्रश्नपत्रिका कशी आहे पाहा. कोणत्या टोळीची नक्कल होणार हे आधीच जाहीर होते, म्हणजे 'अपेक्षित प्रश्नसंच' हातात असतो. सॉफ्टवेअर बसवायला, त्याची जुळणी करायला आणि चाचणीच्या वेळी पडद्यापुढे बसायला त्या कंपनीचीच तज्ज्ञ मंडळी असतात. वाळूजच्या कारखान्यात पडद्यापुढे माझा विद्यार्थी बसणार, आणि तोही बिले करून झाल्यावर. तिसरी गोष्ट मला सर्वांत खटकते. निष्पाप कृतींवर किती वेळा खोटा इशारा दिला, याची मोजणी या चाचणीत आली ती थेट २०२४ च्या फेरीत. तोपर्यंतच्या फेऱ्यांत दिसेल त्यावर बोट ठेवणाऱ्याचे नुकसान काहीच नव्हते. प्रत्येक मुलाला कॉपी करणारा म्हणणाऱ्या पर्यवेक्षकालाही शंभर टक्के गुण मिळाले असते. पुढे २०२५ च्या फेरीत तर मायक्रोसॉफ्ट, सेंटिनेलवन आणि पालो आल्टो या मोठ्या कंपन्यांनी भागच घेतला नाही. म्हणजे तुलनेसाठी होते तेवढे मैदानही अर्धे रिकामे झाले.

खोट्या इशाऱ्यांचे महत्त्व किती, हे फळ्यावर मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. कारखान्यात ६० संगणक आहेत आणि त्यांवर दिवसाला १,००,००० नोंदी होतात. हल्ल्याच्या दिवशी त्यांतल्या १० नोंदी खऱ्या दुष्ट आहेत. 'अ' हे सॉफ्टवेअर १०० पैकी ९९ दुष्ट नोंदी पकडते आणि १,००० निष्पाप नोंदींमागे एकीवर खोटा इशारा देते. 'ब' फक्त ९० पकडते, पण खोटा इशारा १०,००० मागे एक. तक्त्यात 'अ' वर येणार हे उघड आहे. आता इशारे मोजा. 'अ'चे सुमारे ११०, त्यांत खरे १०. 'ब'चे सुमारे १९, त्यांत खरे ९. एक इशारा तपासायला पाच मिनिटे धरली, तर 'अ'साठी नऊ तासांहून अधिक वेळ लागतो आणि 'ब'साठी सुमारे दीड तास. आणि हे हल्ल्याच्या दिवसाचे झाले. उरलेले जवळजवळ सगळे दिवस 'अ' रोज शंभर खोट्या हाका मारणार. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण पहिलीपासून सांगत आलो आहोत. तिच्यातला दोष एरवी आपण पोराला देतो. इथे गावकऱ्यांच्या थकव्याचाही हिशेब करावा लागतो.

यावर विक्रेता म्हणतो, "म्हणूनच तर एक्सडीआर! आम्ही सुटे इशारे देत नाही, जोडून देतो." हा दावा गणिताने तपासण्याजोगा आहे. समजा, एखाद्या संगणकावर एखाद्या दिवशी विचित्र ईमेल येण्याची शक्यता १/१०० आहे. विचित्र वेळी लॉगिन होण्याची तेवढीच आणि खूप फाईली एकदम हलण्याचीही तेवढीच. सुटे इशारे दिले तर ६० संगणकांवर रोज दोनेक इशारे येतील. पण तिन्ही एकत्र घडले तरच इशारा द्यायचा ठरवले, तर शक्यता १० लाखांत एक होते. असा खोटा योग सुमारे ४५ वर्षांतून एकदा यायचा. किती छान!

फक्त, हा गुणाकार करायला त्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या लागतात. कारखान्यात त्या तशा नसतात. जीएसटीचे विवरणपत्र भरायच्या आदल्या रात्री करसल्लागाराकडून जोडपत्रांसह ईमेल येतो, हिशेबनीस रात्री अकराला लॉगिन करतो आणि वर्षभराच्या फाईली एकदम कॉपी करतो. पहिली घटना घडल्यावर दुसरीची शक्यता निम्मी आणि तिसरीचीही निम्मी धरली, तर १/१०० गुणिले १/२ गुणिले १/२ म्हणजे १/४००. साठ संगणकांवर हा योग सुमारे सात दिवसांतून एकदा येईल. कुठे ४५ वर्षे आणि कुठे एक आठवडा! माहितीपत्रक आणि तुमचा कारखाना यांतले अंतर या एका गृहीतकात आहे. चांगले सॉफ्टवेअर तुमच्या कारखान्याची ही लय काही आठवड्यांत शिकते, वाईट शिकत नाही. आणि हा फरक कोणत्याही तक्त्यात नसतो.

आता इशारा खरा आहे असे धरू. तो येतो कधी? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे ज्याच्या वसाहतीत हा कारखाना उभा आहे त्या एमआयडीसीवर, मार्च २०२१ मध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. सर्व्हरवरच्या फाईली कुलूपबंद झाल्या आणि राज्यभरच्या कार्यालयांतील कामकाज ठप्प झाले. महामंडळाने दिलेल्या माहितीनुसार यंत्रणा बंद पडल्याचा आपोआप इशारा आला तो २१ मार्चला, रविवारी, पहाटे अडीचच्या सुमारास. विषाणुरोधकाचा परवाना होता. हल्ला झाल्याचे पक्के कळले ते त्या दिवसाच्या तपासणीत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. तो ११ ऑगस्टचा दिवस महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा होता. चोर दिनदर्शिका पाहून येतो. म्हणून सॉफ्टवेअरला किती दिसते याच्याइतकाच, रविवारी पहाटे ते कोण वाचणार, हा तुलनेचा रकाना हवा. चोवीस तास पहारा देणारी माणसे काही कंपन्या वेगळ्या वर्गणीवर पुरवतात. ती किंमत धरली, की तिन्ही कोटेशनांचा क्रम बदलतो. आमच्या बाबतीत तो खरोखर बदलला. शिवाय २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या जपण्याचा खर्च कोणाकडे, हेही माहितीपत्रकात शोधून सापडले नाही.

पहारेकऱ्याला सर्व खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात, हा धोका वेगळाच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकने पाठवलेल्या एका सदोष फाईलमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्याची वेळ आली. त्यात हल्लेखोर कोणी नव्हताच. नवी फाईल सगळ्या संगणकांवर एकदम न घालता आधी दोन-चारांवर घालता येते का, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.

मी विद्यार्थ्याला म्हटले, "अरे, त्यांचे तक्ते बाजूला ठेव आणि तुझ्याकडे वह्या किती आहेत ते आधी लिहून काढ." ईमेल एका कंपनीचा, हिशेबाचे सॉफ्टवेअर दुसरीचे. ज्याची जोडणी फक्त स्वतःच्याच घरातल्या वह्या वाचते, त्याला यातले निम्मे दिसणार नाही. मग त्याने तिन्ही विक्रेत्यांकडून पंधरा-पंधरा दिवसांची चाचणी मागून घेतली आणि शाळेच्या दोनशे पानी वहीत रकाने आखले: इशाऱ्याची वेळ, वाचल्याची वेळ, खरा की खोटा, किती मिनिटे गेली.

वही निम्मी भरली तेव्हा त्याचा फोन आला. "सर, एक गंमत झाली. आमच्या जुन्या सीएनसी मशीनचा संगणक तिघांच्याही यादीत नाही." त्यावर विंडोज एक्सपी आहे, जिचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच थांबवला, तिन्ही सॉफ्टवेअर त्यावर बसतच नाहीत. कारखान्याची निम्मी कमाई त्या मशीनवर होते. सध्या त्याने त्या संगणकाची नेटवर्कची वायर काढून ठेवली आहे आणि आराखडे पेन ड्राइव्हवर घालून नेतो. पेन ड्राइव्हचे काय करायचे, ते आम्ही पुढच्या रविवारी बोलणार आहोत.