कॉफीच्या पाण्याचं तापमान : एक पेपर आणि आमच्या घरातला वाद

रत्नागिरीत बहुतेक घरांतून चहाच. कॉफी म्हणजे रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी, दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेलं. आमच्याकडे मात्र स्टीलचा फिल्टर आहे, कारण आईचं लहानपण माटुंग्यात गेलं. आणि फिल्टर आहे म्हणून वादही आहे. बाबांचा नियम : पाणी उकळलं की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं, नाहीतर ‘कॉफी जळते’. आई थांबत नाही. मागच्या महिन्यात पुण्याच्या मावसभावाने व्हॉट्सअॅपवर एक बातमी टाकली आणि खाली लिहिलं, ‘काका, तापमानाने काही फरक पडत नाही, सिद्ध झालंय.’

बातमीखालचा मूळ पेपर मी वाचला. (पीएचडी करणाऱ्या माणसाला घरात एवढं एकच काम मिळतं.) पेपर चांगला आहे. पण ‘सिद्ध झालंय’ ते हे नव्हे.

२०२० साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या बटाली, रिस्टेनपार्ट आणि गिनार्ड यांनी तो छापला. पाणी ९३ अंशांच्या आसपास हवं असं कॉफीच्या जगात मानतात. ठरलेल्या वेळात ९२ अंश गाठलं नाही तर ड्रिप मशीनला प्रमाणपत्रही मिळत नाही. याला चवीचा भक्कम पुरावा आहे का, असा त्यांचा प्रश्न. पुरावा तुटपुंजाच, हे ते सुरुवातीलाच सांगतात. एवढ्यासाठीसुद्धा मला हा पेपर आवडला.

पुढचं समजायला दोन आकडे लागतात. समजा २० ग्रॅम पावडर घेतली आणि तिच्यातलं ४ ग्रॅम पाण्यात उतरलं, तर ‘उतारा’ २० टक्के. आणि कपातल्या १०० ग्रॅम कॉफीत सव्वा ग्रॅम विरघळलेलं असेल, तर ‘कडकपणा’ १.२५ टक्के. पावडर कमी घालून जास्त वेळ ठेवली तर फिकी पण कडवट होते, जास्त घालून लवकर काढली तर कडक पण आंबूस. १९५० च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी या दोन आकड्यांचा तक्ता मांडला आणि कॉफीवाले अजून तोच वापरतात.

डेव्हिसच्या गटाने ८७, ९० आणि ९३ अंशांवर कॉफी काढली. मात्र प्रत्येक तापमानाला दळण आणि वेळ असे बदलले, की कडकपणा आणि उतारा ठरवलेलाच यावा. मग प्रशिक्षित परीक्षकांनी चव घेतली. कडकपणा बदलला की चव बदलली, उतारा बदलला की बदलली. तापमानाने जाणवण्याजोगा फरक पडला नाही.

घोटाळा त्या ‘मात्र’मध्ये आहे. पेपरच्या शीर्षकातच ‘ठरावीक कडकपणा आणि उताऱ्याला’ ही अट आहे, बातमीने ती गाळली. घरी आपण तापमान बदलतो तेव्हा दळण तेच राहतं, वेळही तीच. मग उतारा बदलू शकतो आणि त्याच्यामागून चव. म्हणजे तापमान चवीपर्यंत उताऱ्याच्या वाटेने पोचतं. हे लेखक स्वतः स्वच्छ लिहितात, शिवाय ‘निदान तपासलेल्या तापमानांपुरतं’ असंही जोडतात. फक्त सहा अंशांची पट्टी आहे ती.

आता आमचा फिल्टर. हिशेब करून पाहा : उकळतं पाणी २०० ग्रॅम, वरचं भांडं साधारण अडीचशे ग्रॅम स्टीलचं, पावडर ३० ग्रॅम, दोन्ही खोलीच्या तापमानाला, म्हणजे २८ अंश. स्टीलची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या आठवा हिस्सा धरा. पाणी ओतताक्षणी मिश्रण ८८ अंशांच्या आसपास येतं, हवेत जाते ती उष्णता वेगळीच. म्हणजे आई ‘जाळते’ तेव्हाही पावडरीला शंभर अंश भेटतच नाहीत, आणि बाबा दोन मिनिटं थांबतात तेव्हा ते पेपरच्या पट्टीच्याही खाली जात असणार. (महाबळेश्वरला तर पाणी उकळतंच ९६ अंशांच्या आत. तिथे बाबांचा नियम कसा लावायचा?)

याच गटाचा २०२१ चा आणखी एक पेपर बाबांच्या बाजूने थोडा बोलतो. पावडर पाण्यात पूर्ण बुडवून पुरेसा वेळ ठेवली, तर उतारा २१ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो आणि ८० ते ९९ अंशांत त्यात फारसा फरक पडत नाही. स्टीलचा फिल्टर बुडवणं आणि झिरपणं यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. डिकॉक्शन रात्री लावून सकाळी काढलं, तर दोन मिनिटांचा वाद बहुधा निकालात निघतो. आई सकाळी घाईत अर्ध्या तासात काढते, तिथे उकळतं पाणी तिच्या फायद्याचं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हे सगळं काळ्या, ड्रिप, निर्भेळ कॉफीवर झालंय. आमच्या पुड्यात चिकोरी असते. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. भाजलेल्या चिकोरीचा विरघळणारा भाग कॉफीपेक्षा बराच जास्त, आणि कडकपणा मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. तिथे तो तक्ता काय सांगणार? मग दूध. गाईच्या दुधात घन पदार्थच १२ टक्के, त्यात कॉफीचा एक-दीड टक्का शोधायचा. वर दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट पदार्थांना धरून ठेवतात, म्हणून काळी असताना असह्य वाटणारी कॉफी दुधात चालून जाते. आपण पितो त्या कपाबद्दल हा पेपर काही म्हणत नाही. त्यात लेखकांचा दोष नाही, पण बातमी इथे जशीच्या तशी लावणाऱ्यांचा आहे.

मावसभाऊ तापमान दाखवणारी किटली घ्या म्हणत होता. ती घेतली नाही. त्याऐवजी साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला, कारण आमचा ‘एक चमचा’ रोज वेगळा निघतो, आणि कडकपणा तिथेच ठरतो. दुसरं म्हणजे जून ते सप्टेंबर पाव किलोचाच पुडा आणायचा. इथल्या पावसाळी हवेत अर्धा किलोचा पुडा संपेपर्यंत पावडरीचे गोळे होतात, आणि गोळा झालेल्या पावडरीतून पाणी वाट काढून निघून जातं, उरलेली कोरडीच.

बाबा अजून दोन मिनिटं थांबतात. मी हिशेबाचा कागद दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘यात जायफळ कुठे धरलंयस?’