पास कोणाच्या नावाचा?

मंडळी, ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीच्या सड्यावरून नियमित विमानसेवा सुरू झाली. विमान आपण सगळ्यांनीच मान वर करून पाहिलं. आज मी बोलणार आहे ते मात्र विमानतळावरच्या माणसाच्या गळ्यातल्या पासबद्दल. चिपी असो की मुंबई, नियम तोच.

सरकारी नाव एअरपोर्ट एंट्री परमिट. नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरोचे. पासवर फोटो, मुदत आणि कुठल्या भागात जाता येईल त्याची अक्षरं. त्याआधी पोलिसांकडून पडताळणी. इथपर्यंत कायम नोकर आणि कंत्राटी कामगार यांची चाळणी एकच, आणि ती तशीच असावी.

फरक पुढे पडतो. पास माणसाला स्वतः मागता येत नाही, मालकाने मागायचा. नोकरी सुटली की पास जमा. सफाईवाल्याचा किंवा लोडरचा ठेकेदार बदलला, की फरशी तीच, झाडू तोच, तरी जुना पास जमा आणि नव्या ठेकेदाराकडून नवा अर्ज. नवा पास येईपर्यंत गेटच्या आत पाऊल नाही, म्हणजे हजेरी नाही. मालवणीत सांगूचा तर, माणूस तोच, पण पास ठेकेदाराचो!

पास जमा करण्याचा नियम चूक आहे असं मी म्हणत नाही. ७ डिसेंबर १९८७ ला कॅलिफोर्नियात पीएसएचं विमान कोसळून ४३ जण गेले. कामावरून काढलेल्या एकाने जमा न केलेल्या ओळखपत्राच्या जोरावर बंदूक आत नेली होती. पण तो कंत्राटी नव्हता हो, विमान कंपनीचाच नोकर होता! धोका नोकरीच्या प्रकारावरून ओळखता येत नाही.

मग म्हणाल, यांना कायमच करा. एअर इंडियाच्या मुंबईतल्या इमारती झाडणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तसा निकाल दिला होता. २००१ च्या स्टील ऑथॉरिटी खटल्यात तो फिरला. कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असं ठरलं.

म्हणून दुरुस्ती पासातच हवी. पडताळणी माणसाच्या नावावर राहू द्या, प्रवेश कामाशी जोडा. काम सुटलं तर पास त्याच दिवशी बंद. नुसता ठेकेदार बदलला, तर जुनी पडताळणी मुदतीपर्यंत ग्राह्य. यात सुरक्षा तसूभरही ढिली होत नाही. आज जो नियम आहे, तो धोकादायक माणसाबरोबर निव्वळ गरजू माणसालाही गेटबाहेर उभा करतो.