वाळवंट कोठून आले? : 'द विंड अँड द लायन'मधील अपहरणनाट्य

जॉन मिलियस दिग्दर्शित 'द विंड अँड द लायन' (१९७५) या चित्रपटाची चर्चा बहुधा शॉन कॉनरी यांच्या भूमिकेपाशी सुरू होते आणि जेरी गोल्डस्मिथ यांच्या संगीतापाशी थांबते. ज्या घटनेवर तो बेतला आहे, ती घटना मागेच राहते.

१८ मे १९०४ रोजी मोरोक्कोतील तान्जिअरनजीकच्या निवासस्थानातून आयन पर्डिकॅरिस आणि त्यांचा सावत्र मुलगा क्रॉमवेल व्हार्ली यांना रैसुली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीप्रमुखाने पळवून नेले. पर्डिकॅरिस हे साठी ओलांडलेले सधन गृहस्थ होते. पडद्यावर त्यांच्या जागी दोन मुलांची तरुण आई (कँडिस बर्गन) येते. या एका बदलाने कथेची जातच बदलते. राजकीय सौदेबाजीचे साधन असलेला ओलीस नाहीसा होतो आणि शूर बंडखोर व मानी स्त्री यांच्यातील सुप्त आकर्षणाची कथा उरते. पर्डिकॅरिस यांनी पुढे रैसुलीविषयी आदराने लिहिले हे खरे. परंतु तो आदर प्रणयकथेचा आधार होऊ शकत नाही.

दुसरा बदल भूगोलाचा आहे. ओलिसांना नेले गेले ते उत्तर मोरोक्कोच्या डोंगराळ प्रदेशात. चित्रपटातील वाळूचे ढिगारे आणि त्यांवरून दौडणारे घोडेस्वार यांचे चित्रण स्पेनमध्ये झाले. अपहरण वाळवंटात घडले की ते कालातीत वाटू लागते. तेथे करार, कर्जे, जकात यांना स्थान नसते. वस्तुतः एप्रिल १९०४ मध्येच ब्रिटन आणि फ्रान्स यांनी परस्पर करार करून मोरोक्कोत फ्रान्सला मोकळीक दिली होती. सुलतान अब्देलअझीझची सत्ता खिळखिळी झाली होती, आणि रैसुलीला खंडणीबरोबरच तान्जिअरभोवतालच्या प्रदेशाचा अधिकार हवा होता. चित्रपटात सुलतान निव्वळ हास्यास्पद ठरतो. खंडणीचे ७०,००० डॉलर मात्र त्याच्याच राजवटीला मोजावे लागले.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांचे चित्रण (ब्रायन कीथ) हा चित्रपटाचा सर्वांत सकस भाग होय. शिकार, मुष्टियुद्ध आणि निवडणूक यांत सारखाच रमणारा हा नेता मिलियस कौतुकाने रंगवतात, पण त्याला चिमटेही काढतात. व्हिएतनाम युद्धाच्या शेवटाच्या वर्षी आलेल्या या चित्रपटात पराक्रमाची ओढ आहे आणि त्या ओढीचे हसूही आहे. अमेरिकी नौसैनिक तान्जिअरच्या रस्त्यांवरून संचलन करीत पाशाच्या राजवाड्यावर हल्ला चढवतात, त्या प्रसंगात हे दोन्ही सूर एकत्र ऐकू येतात. असा हल्ला प्रत्यक्षात झाला नव्हता. युद्धनौका आल्या होत्या. किनाऱ्यावर उतरले ते संरक्षणापुरते मोजके सैनिक.

खरे नाट्य तारेत होते. परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी २२ जून १९०४ रोजी पाठविलेल्या तारेत, पर्डिकॅरिस जिवंत हवा अथवा रैसुली मेलेला हवा, अशी मागणी होती. शिकागो येथील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात ती वाचून दाखविली गेली आणि मरगळलेल्या सभागृहात उत्साह संचारला. त्याच तारेत पुढे, विशेष आदेशाशिवाय जकातघर ताब्यात घेऊ नये आणि गुंतागुंत शक्य तितकी टाळावी, अशीही सूचना होती. जयघोष झाला तो पहिल्या वाक्याचा. शिवाय सुटकेची बोलणी तोवर जवळपास आटोपली होती. ती गर्जना रैसुलीला उद्देशून होती की मतदारांना, हा प्रश्न मिलियस यांच्या उपहासप्रिय दृष्टीला सहज झेपला असता.

आणि पर्डिकॅरिस अमेरिकी नागरिक तरी होते का? यादवी युद्धात मालमत्ता जप्त होऊ नये म्हणून १८६२ मध्ये त्यांनी अथेन्सला जाऊन ग्रीक नागरिकत्व घेतले होते. जूनच्या आरंभीच परराष्ट्र खात्याला ही माहिती मिळाली होती. तरीही तार गेली आणि माहिती दडपली गेली. टायलर डेनेट यांच्या जॉन हे यांच्यावरील चरित्राने १९३३ मध्ये ती उघड केली. चित्रपट त्यानंतर ४२ वर्षांनी आला. त्यातील नायिकेच्या अमेरिकी असण्याविषयी कोणीही, एकदाही, शंका घेत नाही.