‘आयदान’ आणि आपली मर्दुमकी

ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ साली आलं. आपल्यातले पोरं आईच्या बांबूकामापाशी हळहळतात, जातीच्या चटक्यापाशी चिडतात अन् पुढची पानं गपचूप उलटतात. कारण तिथं नवरा आहे, आपलाच. बाई नोकरी करते, पगार त्याच्या हाती देते. शिकायला लागली की त्याला खुपतं. मी रातपाळीवरून येऊन हे वाचत होतो, बायको भाकऱ्या थापत होती. पुस्तक मिटलं.

बेबी कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’ नवऱ्यापासून लपवून लिहिलं. नवऱ्यापासून, दोस्तांनो! बाबासाहेबांनी तर १९४२ च्या जुलैत नागपुरात बायकांना सांगितलेलं, नवऱ्याची मैत्रीण व्हा, गुलाम होऊ नका. खात्यात जॉबरपुढं वाकणारा आपला गडी घरी मालक होतो, ह्यावर आपल्या कवितेत ओळी किती? माझ्या वहीत एकही सापडली नाही.